वृद्ध रुग्णाची स्मृतिपरीक्षा : रुग्णशय्येपाशी आणि औषधालयात

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, खुड्डाकचतुष्पाद अध्यायात, चिकित्सेच्या चार पादांचे वर्णन करताना आचार्यांनी रुग्णाच्या ठिकाणीही चार गुण अपेक्षिले आहेत. स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. रुग्णाला आपल्या व्याधीचा पूर्ववृत्तांत आठवावा, वैद्याने सांगितलेले त्याने पाळावे, त्याने भयभीत होऊ नये आणि आपल्याला काय होत आहे ते त्याला सांगता यावे, असा याचा सरळ अर्थ आहे. विद्यार्थिदशेत हा भाग आपण सर्वांनी पाठ केलेला असतो. परंतु साठी ओलांडलेला रुग्ण प्रत्यक्ष खाटेवर असतो तेव्हा या चारांपैकी किती गुण त्याच्याजवळ आज शिल्लक आहेत, हे पाहण्याचा प्रघात आपल्याकडे जवळजवळ नाही. नाडी पाहिली जाते, रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते. ‘बाबा, आज वार कोणता?’ हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

याचे परिणाम किरकोळ नसतात. ‘गोळी घेतली का?’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर देणाऱ्या मधुमेही आजोबांनी ती गोळी दोनदा घेतलेली असू शकते किंवा मुळीच घेतलेली नसते. मलप्रवृत्ती, निद्रा, क्षुधा, वेदनेचे स्थान, यांविषयी आपण जे लिहून घेतो ते सर्व रुग्णाच्या आठवणीवर उभे असते. आठवणच विश्वासार्ह नसेल तर आपण काढलेला दोषदूष्यविचारही डळमळीत पायावर उभा राहतो. अशा रुग्णाच्या कागदावर ‘सहकार्य करीत नाही’ असा शेरा पडतो आणि घरची मंडळी ‘म्हातारचळ लागला’ म्हणून विषय संपवितात. प्रस्तुत लेखात आम्ही रुग्णालयात दाखल असलेल्या वृद्धांच्या बौद्धिक ऱ्हासाची ओळख कशी पटवावी, याचा विचार खान्देशातील व्यवसायाच्या संदर्भात मांडत आहोत. खान्देशच काय, महाराष्ट्रातील अनेक लहानमोठ्या खासगी रुग्णालयांत रात्रपाळीचे निवासी वैद्यकीय अधिकारी आयुर्वेद पदवीधर असतात. आणि वृद्धाचा बुद्धिविभ्रम बहुधा रात्रीच वाढतो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

‘वय झाले’ हे निदान नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. चरकांनी जीर्ण वय साठाव्या वर्षापासून मानले आहे. शार्ङ्गधराने दशकागणिक होणाऱ्या ऱ्हासाची जी गणना केली आहे तीत मेधेचा क्रम चौथा, तर बुद्धीचा नववा लागतो. नवे ग्रहण करण्याची शक्ती लवकर मंदावते, हे ग्रंथकारांनीही पाहिले होते. पण पासष्टीच्या गृहस्थाला स्वतःच्या घराची वाट सापडत नसेल तर त्याचे खापर वयावर फोडण्यास शास्त्राचाही आधार नाही. आधुनिक पाहण्याही हेच सांगतात. मुंबईत झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६५ वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे अडीच टक्के आढळले होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासात मात्र ६० वर्षांवरील लोकसंख्येत ते ७.४ टक्के, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख व्यक्ती, असे अनुमान निघाले. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती निराळ्या असल्याने आकड्यांची थेट तुलना करू नये. दुसऱ्या अभ्यासातील एक बाब मात्र आपल्या भागासाठी लक्षणीय आहे. हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळले : शहरी ५.३, ग्रामीण ८.४, पुरुष ५.८, स्त्रिया ९.० टक्के. तरीही १०० पैकी ९० हून अधिक वृद्धांना हा विकार नसतो, हेही त्याच आकड्यांतून निघते.

आशुकारी की चिरकारी?

रुग्णालयात भरती झालेला वृद्ध असंबद्ध बोलू लागला तर प्रथम व्याधीचे नाव शोधण्याऐवजी काळ विचारावा. हे कधीपासून? काल, परवा, की वर्षभरापासून? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सर्व अवलंबून आहे.

काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत उद्भवलेला, दिवसातून कमीजास्त होणारा, ज्यात अवधान टिकत नाही असा संभ्रम म्हणजे आधुनिक वैद्यकातील डिलिरियम. ही आत्ययिक अवस्था आहे. शरीरात कोठेतरी मोठा बिघाड झाल्याचा तो इशारा असतो आणि कारण दूर केल्यास तो बहुधा उतरतो. जगभरातील अभ्यासांवरून, सामान्य वैद्यकीय कक्षांत दाखल होणाऱ्या वृद्धांपैकी जवळपास चौथ्या हिश्शाला तो होतो. महिनोन्‌महिने हळूहळू वाढणारा, ज्यात रुग्ण जागृत असतो, आपल्याकडे पाहून नीट बोलतो, पण सकाळची गोष्ट दुपारी विसरतो, तो चिरकारी स्मृतिभ्रंश. दोन्ही एकाच रुग्णात एकत्र असू शकतात, किंबहुना अनेकदा असतात. ज्याची बुद्धी आधीच क्षीण झाली आहे त्याला साधा ज्वरही संभ्रमात लोटतो. म्हणून ‘हे तर आधीपासून विसरतात’ असे नातेवाइकांनी सांगितले तरी ‘इतके?’ असे पुन्हा विचारलेच पाहिजे.

ग्रंथांतील कोणत्या व्याधीशी याची जोड लावावी, याविषयी आपल्या परिषदांतून बरीच चर्चा होते. आशुकारी अवस्थेत सन्निपातातील प्रलाप, मोह, तंद्रा आठवतात; चिरकारी अवस्थेत उन्मादाच्या व्याख्येत सांगितलेला मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम आठवतो. आमच्या मते एका शब्दाला एक शब्द जोडण्याच्या या खटाटोपातून रुग्णाच्या पदरात फारसे काही पडत नाही. उन्मादाच्या त्या आठ गोष्टी निरीक्षणाची सूची म्हणून वापरल्या तर मात्र फार उपयोगी आहेत. शील आणि आचार यांचा समावेश करून आचार्यांनी एक मोठी गोष्ट सांगून ठेवली आहे. कित्येक रुग्णांत विस्मरणाच्या आधी स्वभाव पालटतो. आयुष्यभर मितभाषी असलेला माणूस सुनेला चारचौघांत शिव्या देऊ लागतो आणि घरात भांडणे पेटतात.

संभ्रमाचे दोन चेहरे आहेत. आरडाओरडा करणारा, सलाईनची नळी उपटणारा, खाटेवरून उतरू पाहणारा रुग्ण कोणाच्याही लक्षात येतो. दुसरा निपचित पडून राहतो, विचारले तर ‘हं’ म्हणतो, भरविले तर एक-दोन घास घेतो. परिचारिका म्हणते, ‘आजी फार शांत आहेत, काही त्रास नाही.’ हा शांत संभ्रम सर्वांत जास्त निसटतो. जो वृद्ध काल गप्पा मारत होता आणि आज नुसता पडून आहे, त्याला आपण उठवून बोलते केलेच पाहिजे. विषादग्रस्त रुग्णही असाच गप्प असतो, परंतु त्याचे अवधान बहुधा टिकते आणि प्रश्नाला तो सावकाश का होईना, संगत उत्तर देतो. बहिरेपणाचाही विसर पडू नये. कान भरलेले आहेत, चष्मा घरी राहिला आहे, कवळी डबीत आहे, अशा स्थितीत घेतलेली कोणतीही परीक्षा निरर्थक होय.

परीक्षा कशी करावी

विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात अनुमानाने जाणण्याच्या गोष्टींची जी यादी आहे तीत मेधा ग्रहणावरून, संज्ञा नामग्रहणावरून आणि स्मृती स्मरणावरून जाणावी असे सांगितले आहे. तीन गोष्टी सांगून परत विचारणे, मुलाकडे बोट दाखवून ‘हा कोण?’ असे विचारणे, काल काय जेवलात ते विचारणे, ही परीक्षा म्हणजे पाश्चात्त्यांची उसनवारी मुळीच नाही. मात्र त्यांनी तिला माप दिले, हे मान्य केले पाहिजे. १९७५ मध्ये फोल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी ३० गुणांची मिनी मेंटल परीक्षा प्रसिद्ध केली. तीत वाचणे, वाक्य लिहिणे, आकृती काढणे अशा बाबी असल्याने निरक्षर व्यक्ती निरोगी असूनही नापास ठरे. ही अडचण ओळखून डॉ. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगढ परिसरातील वृद्धांसाठी तिचे हिंदी रूप बेतले. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा मुद्दा खान्देशात विशेष महत्त्वाचा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या घरातल्यांनी टिपून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आल्या. कागद-पेन्सिलीच्या कसोटीत त्या माउलीला किती गुण मिळाले असते, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा. भाषेचेही तसेच. घरी अहिराणी, लेवा बोली किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी बोलणाऱ्या वृद्धेला आपण छापील मराठीत प्रश्न केला आणि ती गोंधळली, तर तो गोंधळ तिच्या बुद्धीचा की आपल्या भाषेचा? ‘आज कोन्ता वार शे?’ असे विचारल्यावर तीच आजी चटकन उत्तर देते.

सध्या रुग्णशय्येपाशी वापरण्यास आम्हांस सर्वांत सोयीची वाटते ती एडिंबरा येथे विकसित झालेली ‘फोर-ए-टी’ ही विनामूल्य चाचणी. दोन मिनिटे लागतात आणि चार बाबी पाहावयाच्या असतात. पहिली जागरूकता : रुग्ण अतिशय सुस्त किंवा स्पष्टपणे अस्वस्थ असेल तर ४ गुण. दुसरी बाब चार प्रश्नांची : वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू वर्ष, एक चूक झाल्यास १, दोन किंवा अधिक चुका झाल्यास २. तिसरी अवधान : वर्षाचे महिने उलट क्रमाने म्हणावयास सांगावे, सात किंवा अधिक बरोबर आल्यास शून्य, त्याहून कमी आल्यास किंवा रुग्णाने नकार दिल्यास १, परीक्षा घेणेच अशक्य असल्यास २. चौथी बाब म्हणजे गेल्या काही दिवसांत अकस्मात झालेला किंवा कमीजास्त होणारा बदल; तो असल्यास ४. बेरीज ४ किंवा अधिक झाल्यास आशुकारी संभ्रमाची शक्यता धरावी. १ ते ३ असल्यास चिरकारी ऱ्हासाची. शून्य आल्यास दोन्ही संभवत नाहीत, पण त्यासाठी चौथ्या बाबीची माहिती पूर्ण हवी.

आपल्याकडे ती वापरताना तारतम्य ठेवावे लागते. जन्मतारीख अनेक वृद्धांना ठाऊकच नसते. आधार कार्डावर सरसकट १ जानेवारी पडलेली असते. अशांना ‘बहात्तरच्या दुष्काळात तुमचे लग्न झाले होते का, थोरला केवढा होता?’ असे विचारावे. चालू वर्षाऐवजी आखाजी होऊन किती दिवस झाले, कानबाईचे रोट झाले का, पोळा यायचा आहे की गेला, गावचा आठवडे बाजार कोणत्या वारी भरतो, हे विचारता येते. महिन्यांऐवजी वार उलटे म्हणवून घेता येतात. असे बदल केल्यावर मूळ गुणांकन जसेच्या तसे लागू होत नाही, ही मर्यादा लक्षात ठेवून कागदावर आकड्याऐवजी रुग्णाचे उत्तरच शब्दशः लिहावे. दुसऱ्या दिवशीच्या वैद्याला ते अधिक उपयोगी पडते.

चौथी बाब रुग्णाला विचारून कळणारी नव्हे. त्यासाठी माहीतगार गाठावा लागतो. सुरतेहून किंवा पुण्याहून धावत आलेला मुलगा कितीही तळमळीने सांगत असला तरी त्याने वडिलांना दिवाळीनंतर पाहिलेलेच नसते. रोज भाकरी वाढणारी सून, शेजारची बाई, शेतावरचा सालदार यांना विचारावे; आणि कामाविषयी विचारावे, आठवणीविषयी नव्हे. ‘विसरतात का?’ याला सगळे ‘थोडेफार’ म्हणतात. ‘उन्हाळ्यात बिबड्यांचा घाटा आजीच हाटत होत्या ना? यंदा कोणी हाटला?’ ‘केळीच्या बागेचा हिशेब अजून बाबाच ठेवतात का? मजुरांचे पैसे दोनदा दिले असे कधी झाले?’ या प्रश्नांतून दोन वर्षांचा इतिहास पाच मिनिटांत उलगडतो.

कारणे शोधताना

आशुकारी संभ्रम आढळल्यावर ज्वर, मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, रक्तातील साखर व सोडियम यांची घट, प्राणवायूची न्यूनता, हृदयविकार यांची तपासणी तत्काळ व्हावी. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या घरात राहणारा, तहानेची जाणीव मंदावलेला वृद्ध या दिवसांत नुसत्या जलक्षयानेही भ्रमिष्ट होतो. अंग तापलेले आणि शुद्ध हरपत चाललेली असल्यास तो उष्माघात समजावा व शरीर थंड करण्यास क्षणाचाही विलंब करू नये. दोन साध्या कारणांकडे हटकून दुर्लक्ष होते. एक, तुंबलेले मूत्र; ओटीपोटावर हात ठेवल्याखेरीज ते कळत नाही. दुसरे, मलावष्टंभ. अपानाची दुष्टी आणि मनोविभ्रम यांचा संबंध वैद्याला समजावून सांगावा लागू नये. महिन्या-दीड महिन्यापूर्वी घसरून पडल्याचा वृत्तांत असेल तर मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साठणाऱ्या रक्ताची शंका घ्यावी आणि स्कॅनसाठी धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे रुग्णास पाठवावे. भरतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंप, घाम व भास सुरू झाले तर मद्याची सवय विचारावी. घरचे लोक संकोचाने ती लपवितात. बाजूला घेऊन विचारले तर सांगतात.

आता आपल्याच पेटीकडे वळू. झोपेच्या गोळ्या, सर्दीवरील ॲन्टिहिस्टॅमिन औषधे, ॲमिट्रिप्टिलीन, ट्रायहेक्सिफेनिडिल ही वृद्धांत संभ्रम घडविणारी औषधे आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण धत्तूराचे काय? कनकासवात धत्तूर आहे. सूतशेखरात आणि नारदीय लक्ष्मीविलासात धत्तूरबीज आहे. ॲट्रोपीन, हायोस्सायमीन व स्कोपोलामीन हे धत्तूराचे घटक वृद्धाच्या मेंदूला विशेष बाधतात. शोधनाने तीव्रता कमी होते हे खरे. पण गुण मुळीच उरला नसता तर ते द्रव्य कल्पात घातलेच नसते. योग्य मात्रेतील एका कल्पाने बहुधा काही बिघडत नाही. धोका बेरजेत असतो. श्वासासाठी कनकासव, अम्लपित्तासाठी सूतशेखर, शिवाय दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेले खोकल्याचे सिरप आणि कंपासाठी चालू असलेली गोळी, असे चार हातांनी दिलेले चार पदार्थ एकाच पंचाहत्तरीच्या देहात एकत्र येतात. मुखशोष, विस्फारलेल्या बाहुल्या, मूत्रावरोध, पांघरुणावर काहीतरी वेचत राहणे, ही लक्षणे दिसल्यास प्रथम ही बेरीज तपासावी. जातीफलादि चूर्णातील भंगेबाबतही हाच विवेक हवा.

औषधालय चालविणाऱ्या मंडळींचे स्थान येथे फार मोलाचे आहे, कारण चारही कागद एकत्र पाहणारा बहुधा औषधविक्रेताच असतो. धत्तूर व भंग ही द्रव्ये औषध नियमावलीच्या अनुसूची ई(१) मध्ये असून अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती वृद्ध ग्राहकाला वाचून दाखवावी. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे २०१३ मध्ये आलेल्या अनुसूची एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. ‘वडिलांना झोप लागत नाही, एक पट्टी द्या’ अशी मागणी ओळखीखातर पुरविली जाते तेव्हा त्या न झोपण्यामागे संभ्रमच असण्याची शक्यता ध्यानी घ्यावी. तेच औषध आठवड्यात दुसऱ्यांदा नेणारा, सुट्या पैशांत प्रत्येक वेळी गोंधळणारा, सकाळ-रात्रीची मात्रा तीनदा विचारूनही उलट सांगणारा नेहमीचा ग्राहक दिसला तर त्याच्या घरी किंवा वैद्याला कळवावे. हे काम काउंटरवरच होऊ शकते.

परिचर्या

संभ्रमित वृद्धाला बांधून ठेवणे आणि गुंगीचे इंजेक्शन देणे हे दोन उपाय सर्वांत सुलभ व सर्वांत घातक आहेत. रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करीत असेल तेव्हाच, अल्प मात्रेत, अल्पकाळ गुंगीचे औषध विचारात घ्यावे. डॉ. शॅरन इनोये आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील येल येथे ७० वर्षांवरील ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाला वेळ-स्थळाची वारंवार आठवण देणे, रात्री अखंड झोप मिळू देणे, लवकर चालविणे, चष्मा व श्रवणयंत्र जवळ ठेवणे, पाणी पाजणे, एवढ्यावर संभ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. यात एकही औषध नाही. परदेशात या कामासाठी स्वयंसेवक नेमावे लागतात; आपल्याकडे खाटेशेजारी चटई टाकून नातेवाईक बसलेलाच असतो. त्याला फक्त काम सांगावयाचे असते. भिंतीवर मोठ्या अक्षरांची दिनदर्शिका, दिवसा उजेड, रात्री मंद दिवा, कोमट दुधाचा पेला, पादाभ्यंग, आणि भेटीला येणाऱ्यांच्या झुंडीला आवर. मध्यरात्रीचे रक्तदाबमापन टाळता येण्याजोगे असेल तर टाळावे.

मेध्य रसायनांबद्दल दोन शब्द. मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चरकोक्त मेध्य द्रव्ये आपल्या नित्य वापरातील आहेत. पण आशुकारी संभ्रमात कारण न शोधता शंखपुष्पीचे सिरप लिहिणे म्हणजे वेळ दवडणे होय. चिरकारी स्मृतिभ्रंशातही त्यांनी गेलेली स्मृती परत येते असे आश्वासन कोणालाही देऊ नये. रसायनाचा काळ पूर्व किंवा मध्यम वय असा ग्रंथकारांनीच सांगितला आहे. त्याआधी बी-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता, थायरॉइडची मंदता, विषाद आणि बहिरेपणा या दुरुस्त होऊ शकणाऱ्या गोष्टी पाहाव्यात. शाकाहारी कुटुंबांत बी-१२ ची तपासणी विशेष अगत्याची.

घरी पाठविताना औषधांच्या सूचना केवळ रुग्णाला देऊ नयेत. माहीतगाराला बसवून, त्याच्याकडूनच परत वदवून घ्याव्यात, आणि बंद करावयाच्या जुन्या औषधांची नावे कागदावर स्वतंत्र लिहावीत. संभ्रम उतरला तरी कार्डावर ‘भरतीच्या काळात संभ्रमावस्था होती’ अशी तारखेसह नोंद करावी, कारण पुढच्या भरतीत तो पुन्हा उद्भवण्याची शक्यता अधिक असते. चिरकारी स्मृतिभ्रंशाचे निदान रुग्णशय्येवर पक्के करू नये. संभ्रम पूर्ण ओसरल्यावर, साधारण दोन-तीन महिन्यांनी, चष्मा-कवळीसह, शक्यतो सकाळच्या वेळी आणि त्याच माहीतगाराच्या उपस्थितीत स्मृतिपरीक्षा पुन्हा घ्यावी. तोवर सांभाळणाऱ्या व्यक्तीचीही झोप विचारावी. ती थकलेली असेल तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक तिला लिहून द्यावा.